प्रांत म्हणजे कोण?

३ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार पोचला असं समज. तो लवकर उरकतेय, कारण काम आहे.

गेली सहा वर्षं मी शब्दकोशाच्या कचेरीत बसते हे तुला माहीत आहे, पण तिथं मी काय करते हे तू कधी विचारलं नाहीस. चष्म्यांच्या दुकानावर तिसरा मजला, लांबट खोली, भिंतभर लाकडी खण आणि खणांत लाखभर चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याखाली तो शब्द कुणीतरी खरोखर वापरलेलं वाक्य, आणि कोपऱ्यात कोण, कधी, कुठे बोललं ते. आम्ही पाच जण आहोत. सगळ्यांच्या वर मुख्य संपादक. ते बोलले की त्यापुढे कुणी काही बोलत नाही, म्हणून आम्ही त्यांना आपसांत पूर्णविराम म्हणतो.

या महिन्यात माझ्या वाट्याला ‘प’मधले शब्द आलेत आणि त्यात ‘प्रांत’ आहे. पूर्णविरामांचं म्हणणं, हा शब्द आता फक्त सरकारी कागदांवर उरलाय, दोन ओळींत आटपा. मला ते पटत नाही. पण मला पटत नाही एवढ्यानं भागत नाही, खणात चिठ्ठ्या लागतात. खणात निघाल्या तीन, त्यातल्या दोन जुन्या नकाशांवरच्या.

तू तर दोन प्रांतांच्या ऐन हद्दीवर राहतेस. तुझ्या दुकानाच्या खिडकीतून पूल दिसतो, पुलाच्या मधोमध हद्द आहे, आणि शाळेच्या गणवेशाची मापं द्यायला दोन्हीकडची माणसं तुझ्याकडे येतात. तेव्हा एवढंच कर. कुणाच्या तोंडून ‘प्रांत’ आला की वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव. नीट करू नकोस. कापडासारखी वाक्यंही बेतून घ्यायची तुला खोड आहे.

आई बरी आहे. मेट्रनच्या कामावरून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी मला रोज सकाळी वॉर्ड जागा करावा तशी उठवते. तुला लिहितेय हे तिला सांगितलेलं नाही. तुम्हा बहिणींचं तुम्ही बघा, तो माझा प्रांत नाही. (बघ, एक वाक्य मीच दिलं.)

तुझा,
टीपकागद


१४ फेब्रुवारी

टीपकागदा,

लहानपणी तू दारामागे उभी राहून मोठ्यांचं बोलणं टिपायचीस म्हणून मी तुला हे नाव ठेवलं. आता तीच तुझी नोकरी झाली म्हणायची. बरं आहे.

वाक्यं घे. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तुमच्या प्रांतातल्या मुलांचे खांदे आमच्यापेक्षा रुंद असतात का हो?” मी म्हटलं, नाही, तुमची मुलं माप देताना अंग चोरतात. पाववाला म्हणाला, “पीठ मळणं माझा प्रांत, बोलणं बायकोचा.” हे तो पाऊण तास सांगत होता. पोस्टमन म्हणाला, “उद्या प्रांत येणार आहेत, पूल झाडून घेतलाय.” इथं प्रांत म्हणजे माणूस बरं का. आमच्याकडे प्रांताच्या अंमलदारालाच प्रांत म्हणतात. प्रांत जेवले, प्रांत चिडले, प्रांत रजेवर गेले.

चौथं वाक्य रंगाऱ्याचं. आमचा पूल अर्धा करडा आणि अर्धा हिरवा आहे. पलीकडचे लोक आपल्या अर्ध्याला दर वर्षी करडा रंग देतात. आमच्या अर्ध्याला सात वर्षांत कुणी हात लावलेला नाही, तेव्हा तो हिरवा आहे हे आपलं आठवणीनं म्हणायचं. मंगळवारी मी पलीकडून बटणं घेऊन येत होते. हद्दीच्या या बाजूला पाऊल टाकलं आणि बाही कठड्याच्या गंजक्या पत्र्यात अडकून टर्रकन फाटली. त्यांचा रंगारी शिडीवर होता. तो उतरून आला, बाही सोडवली. मी म्हटलं, तुमच्या बाजूला असं होत नाही. तर म्हणतो, “गंज काय प्रांत विचारून चढतो का?”

हे वाक्य तुला चालेल ना? मला आवडलं. म्हणजे वाक्य म्हणून.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

चालेल काय, तुझं पाकीट उघडल्यापासून माझं टेबल उजळून निघालंय. अंमलदाराला प्रांत म्हणतात हा अर्थ आमच्या खणात नव्हताच. आणि गंजाचं वाक्य पूर्णविरामांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. आमच्याकडे एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आता या रंगाऱ्याला सोडू नकोस. असा बोलणारा माणूस कोशाला दहा वर्षांतून एकदा मिळतो. वय काय, मूळचा कुठला, घरी कोण असतं हे विचार, मला चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहावं लागतं. तू त्याला बोलता कर. काही ना काही निमित्त काढून बोलता कर. तुला हे सांगताना मला संकोच वाटतोय, कारण अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलायचे तर तुझ्या कपाळाला आठ्या पडतात. पण भाषेसाठी एवढं सोस.

तुझा,
टीपकागद


९ मार्च

टीपकागदा,

तू सांगितलंस म्हणून बोलतं केलं. माझा यात काही संबंध नाही.

वय एकसष्ट. मूळचा पलीकडच्याच काठावरचा. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, एक मुलगी आहे, ती लांब नांदते. पत्र लिहिते पण फार थोडं. डाव्या हातानं रंगवतो, उजव्यानं जेवतो. साखर कमी घेतो. तुला यातलं काय लागेल मला कळेना म्हणून सगळंच लिहिलं.

तो दुकानात कसा आला ते सांगते. बाही फाटल्यानंतर दोन दिवसांनी त्यानं काय केलं, तर शिडी उचलून हद्दीच्या या बाजूला आणली, तो गंजका पत्रा घासला, ठोकून सरळ केला आणि दोन हात लांबीला करडा रंग लावून टाकला. आमच्या कचेरीतून त्याला लगेच नोटीस गेली. नोटिशीत लिहिलंय, “आपण या प्रांताच्या हद्दीत परप्रांतीय रंग लावला आहे, खुलासा करावा.” तो नोटीस घेऊन थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, तुमच्या भाचीला ‘प्रांत’ लागतो ना, इथं एका ओळीत दोनदा आहे. नक्कल सोबत जोडलीय, त्याची आणखी वाक्यंही वेगळ्या कागदावर आहेत.

खुलाशात काय लिहिलंत म्हणून विचारलं. म्हणाला, “लिहिलं, की बाई आमच्या प्रांतातून निघाल्या तेव्हा बाही धड होती, पुढची जबाबदारी घेणारं कुणी दिसेना म्हणून मी घेतली.”

त्याला कामावर घालायला पुढून बांधायचा कपडा, एप्रन म्हणतात तो, हवा होता, तो शिवायला घेतलाय. अकरा खिसे सांगितलेत. एवढ्या खिशांत काय ठेवणार कोण जाणे. मापासाठी तीनदा येऊन गेला.

एक विचारायचं राहिलं. माझी एक मैत्रीण आहे, तिला एक अर्ज करायचाय. प्रांत म्हणजे जागा की माणूस? कोश काय म्हणतो?

मावशी


१९ मार्च

मावशी,

नोटीस खणात गेली. पूर्णविराम हसले. मी सहा वर्षांत त्यांचे दात पहिल्यांदा पाहिले.

तुझ्या मैत्रिणीचा प्रश्न मला फार आवडला, कारण तो मीही गेले दीड महिना स्वतःला विचारतेय. ऐक. या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ आहे कड, किनार, शेवटचा भाग. म्हणजे आधी प्रांत हा वस्तूच्या काठाला म्हणत. मग काठाकडच्या मुलखाला म्हणू लागले, आणि होता होता राज्याच्या कुठल्याही मोठ्या भागाला. मग त्या भागाच्या अंमलदाराला, जसा तुमचा पोस्टमन म्हणतो. मग ज्या कामात एखाद्याचं चालतं त्या कामाला, जसा तुमचा पाववाला म्हणतो. आणि शेवटी त्या भागात राहणाऱ्या लोकांना. “जत्रेला सगळा प्रांत लोटला” म्हणतो ना, तेव्हा जमीन लोटलेली नसते, माणसं लोटलेली असतात.

तेव्हा मैत्रिणीला सांग, जागाही खरी आणि माणूसही खरा, अर्जात कुठला घ्यायचा ते अर्ज बघून ठरेल. कसला अर्ज आहे? दुकानाचा परवाना वगैरे का?

जाता जाता. पूर्णविरामांनी आज माझ्या चिठ्ठ्या पसरून पाहिल्या आणि विचारलं, की ‘वक्ता: रंगारी’ नऊ ठिकाणी कसा? हा माणूस पूल रंगवतो तरी कधी? मी म्हटलं, माझी मावशी फार कसून काम करते.

तुझा,
टीपकागद


२ एप्रिल

टीपकागदा,

प्रांत म्हणजे किनार हे आधी सांगायचंस. मग मी तीस वर्षं प्रांतच दुमडून शिवत बसलेय.

मैत्रिणीचा अर्ज परवान्याचा नाही. लग्नाच्या नोंदणीचा आहे. तिचं वय झालंय, पण कायद्यात वरच्या वयाला हद्द नाही, ते आम्ही विचारून घेतलं. अडचण निराळीच आहे. अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलंय, “वर व वधू एकाच प्रांताचे रहिवासी नसल्यास दोन्ही प्रांतांची संमती जोडावी.”

या बाजूचं काम सोपं झालं. प्रांतसाहेबांनी सही केली, वर विचारलं की जिना चढताना गुडघे दुखतात का, त्यांच्या आईचे दुखतात. मग ती पलीकडच्या कचेरीत गेली. तिथं खिडकीपाशी एक कारकून बसतात, त्यांच्यापुढे सात शिक्के मांडलेले असतात आणि ते बोलताना एकेक सरळ करत राहतात. ते म्हणाले, “संमती मिळणार नाही. आमचा प्रांत दीड वर्ष रिकामा आहे.”

ती म्हणाली, रिकामा कसा, चार हजार माणसं राहतात तिथं.

ते म्हणाले, माणसं राहतात हो, पण प्रांत रिकामा आहे. साहेब बदलून गेले, नवे आले नाहीत.

ती म्हणाली, मग नवे येईपर्यंत थांबायचं का?

त्यांनी तिसरा शिक्का सरळ केला आणि सांगितलं, की मागचे साहेब यायला चार वर्षं लागली होती. आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. तो म्हणाला, एकसष्ट आणि चार पासष्ट, चालेल, मी शिडी तेवढी आखूड करून घेईन. मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. एवढ्या उशिरा काही ठरवावं आणि ते एका रिकाम्या खुर्चीपाशी अडावं, याचा राग येतो गं.

काही सुचत असेल तर कळव. मैत्रिणीसाठी.

मावशी


८ एप्रिल

मावशी,

तुझ्या पत्रात मैत्रीण कचेरीत एकटी शिरते आणि बाहेर “आम्ही” येतो. मी शब्द मोजून पोट भरते, एवढं तर मला दिसतं. खरं म्हणजे साखर कमी घेतो तिथंच दिसायला हवं होतं. मी ते चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘इतर माहिती’ म्हणून नोंदवायला निघाले होते, इतकी मी शहाणी.

मला राग आलाय. किती आलाय ते ठरवायला मी कचेरीचे तिन्ही जिने दोनदा चढले-उतरले. वर पोचेपर्यंत तो गेला आणि मग नुसतं हसत बसले. पूर्णविरामांनी विचारलं काय झालं. मी सांगून टाकलं. सगळं, बाहीपासून.

त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. मग म्हणाले, “शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला अर्थ देणं हे आपलं काम आहे. दुसरं कुठलं काम आपल्याला आहे?” आणि कचेरीच्या छापील कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं ‘प्रांत’चे सगळे अर्थ उतरवले. शेवटचा जरा ठळक: ‘त्या भागात राहणारे लोक.’ खाली सही, सहीपुढे टिंब. कागद सोबत आहे. शिक्केवाल्या कारकुनांना दाखव. खुर्ची रिकामी असेल, पण त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे माणसं तर राहतात. अर्जात ‘प्रांतांची संमती’ लिहिलंय, ‘प्रांतसाहेबांची’ लिहिलेलं नाही.

आता एक गोष्ट, जी मी अकरा वर्षं टिपून ठेवलीय. आजारी आजोबांना तुझ्याकडून दवाखान्यात न्यायला आई गाडी घेऊन आली होती तेव्हा मी तुझ्या दुकानाच्या जिन्याखाली उभी होते. तू वरच्या पायरीवर हात आडवा धरून आईला म्हणालीस, “तिकडच्या दवाखान्यात तू मेट्रन असशील. हे घर तुझा प्रांत नाही.” मावशी, माझ्याकडे आता या शब्दाची चाळीस वाक्यं आहेत आणि त्यांत हे सगळ्यात नेमकं आहे. मी ते खणात टाकलेलं नाही. टाकवत नाही.

आईला सांगू का? आजवर म्हणत आले की तो माझा प्रांत नाही. ते सोयीचं होतं, एवढंच.

तुझा,
टीपकागद


२५ एप्रिल

टीपकागदा,

बरं, मीच ती मैत्रीण. अठ्ठावन्नाव्या वर्षी असं काही स्वतःच्या नावावर लिहवेना, म्हणून दुसरीच्या नावावर लिहिलं.

त्यानं विचारलं ते अकरा खिशांचा कपडा नेताना. घालून पाहिला, सगळे खिसे चाचपले, आणि म्हणाला, की कामासाठी मला चारच लागतात, बाकीचे तुम्हाला वेळ लागावा म्हणून सांगितले होते. मी म्हटलं, सातव्या खिशाला माझ्या लक्षात आलं होतं, पण मी शिवत राहिले. एवढंच झालं. दोघांनी विचारलं असं धर.

तुमचा कागद घेऊन पलीकडे गेलो. कारकुनांनी तो दोनदा वाचला आणि एकही शिक्का न हलवता बसून राहिले. मग म्हणाले, कोशात लोक म्हटलंय म्हणता? मग आणा लोक. मला वाटतं, त्या माणसालाही दीड वर्ष ‘होणार नाही’ म्हणून म्हणून कंटाळा आला होता.

मग काय विचारतेस. रंगारी एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं, पलीकडच्या काठावर दारोदार फिरलो. मुख्याध्यापिकांनी सही करून खाली शेरा मारला, ‘समाधानकारक’. एका म्हातारबुवांनी आधी विचारलं, की लग्नानंतरही पुलाच्या त्यांच्या अर्ध्याला दर वर्षी रंग मिळणार ना. एका बाईंनी साफ नकार दिला. मी सहा वर्षांपूर्वी त्यांचा झगा घट्ट केला होता म्हणे. तो झगा घरी आणून सैल करून दिला, तेव्हा सही मिळाली. एकंदर एकशे त्रेसष्ट सह्या झाल्या. कारकुनांनी त्यांना दोऱ्यानं शिवायला सांगितलं, ते काम माझंच. मग सातही शिक्के एकापाठोपाठ मारले. कागदावर एकच लागत होता, पण मी काही बोलले नाही. तारीख मिळालीय, १२ जून.

आता ते वाक्य. ते माझंच, शब्द न शब्द. खणात टाकू नकोस. ताई बाबांना घेऊन गेली आणि बाबा तिकडेच गेले, पाच आठवड्यांत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ताई दारात उभी होती आणि मी तिच्या शेजारून आत गेले, तशीच बाहेर आले. तिनं न्यायला नको होतं असं मला अजून वाटतं. पण मी मधल्या पाच आठवड्यांत एकदाही गेले नाही, ते तिनं सांगितलं नव्हतं म्हणून नाही. रुसले होते म्हणून. याला कुणाकडे बोट दाखवू?

आईला सांगायचं की नाही हे तू ठरव. मी नको म्हणत नाही. हो म्हणायला मला जमत नाही.

मावशी


६ मे

मावशी,

सांगितलं.

रविवारी दुपारी आई भांडी आवरत होती. मी तिच्यापुढे तुझी सगळी पत्रं ठेवली आणि म्हटलं, वाच, मग बोल. ती खुर्ची ओढून बसली. मी दारात उभी राहिले, मागे नाही, समोर. पहिली दोन पत्रं वाचताना तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अकरा खिशांपाशी तिनं ओठ दाबून धरले. शेवटच्या पत्राला फार वेळ लागला. मग उठली आणि घासलेली भांडी सगळी पुन्हा घासली.

मग एकेक प्रश्न सुरू झाले. एकसष्टाव्या वर्षी शिडीवर चढतो म्हणजे रक्तदाब कुणी तपासलाय का? रंगाच्या वासानं छाती भरते, खोकला आहे का? साखर कमी घेतो ते आवडीनं की डॉक्टरनं सांगितलं म्हणून? मी म्हटलं, आई, तू येणार आहेस का ते सांग. तर म्हणाली, “मी कुठं बोलावणं पाहिलं?” आणि खोलीत गेली. दार लावलं नाही, एवढं मात्र सांगते.

 परवा तिनं मला विचारलं, की तिकडची दुपारची बस अजून सुटते का.

कोशाचं सांगते. ‘प्रांत’ दोन ओळींऐवजी बावीस ओळींचा झाला. गंज आहे, पाववाला आहे, नोटीस आहे, रिकामी खुर्चीही आहे. तुझं वाक्य नाही. पूर्णविरामांनी नोंद वाचून फक्त एवढं विचारलं, की रंगाऱ्याचं मूळ वाक्य ‘चढतो का’ होतं की ‘चढतोय का’. मी म्हटलं, मावशीनं जसंच्या तसं लिहिलंय. त्यांनी मान डोलावली आणि नोंद छापायला सोडली.

तुला बोलावणं लिहायचं असेल तर आता लिही. फार नीट करू नकोस.

तुझा,
टीपकागद


२० मे

धाकटे,

तुझं बोलावणं आलं. दोन ओळींचं आहे आणि त्यात तीन ठिकाणी खाडाखोड आहे. मुलगी म्हणते नीट करू नकोस असं तिनंच तुला सांगितलं होतं. ठीक आहे.

मी पत्रं लिहिणारी नव्हे. वॉर्डात तक्ते लिहिले, त्यात मनातलं लिहायला रकाना नसतो. तरी लिहिते.

बाबांना नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन केलं तर वर्षभर मिळेल. ते मिळालं नाही. मी चुकले की नाही हे मला अकरा वर्षांत ठरवता आलेलं नाही आणि आता ठरवायला बसणार नाही. पण तुला विचारायला हवं होतं. मी गाडी सांगितली, खाट राखून ठेवली, तुझ्या जिन्यावर चार माणसं चढवली आणि तुला विचारलं नाही. तू हात आडवा धरलास ते बरोबर केलंस.

एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली. राहून गेली म्हणजे मी सांगितली नाही. शेवटचे चार दिवस बाबांना माणसं ओळखू येत नव्हती. ते मला धाकटे म्हणून हाक मारत होते. पहिल्या दिवशी मी सांगितलं, बाबा, मी मोठी. ते इकडंतिकडं बघायला लागले, घाबरल्यासारखे. मग मी सांगणं सोडलं. चार दिवस तुझ्या नावाला मी ओ देत होते. ते विचारायचे, दुकान बंद करून आलीस ना गं? मी म्हणायची, हो बाबा, कुलूप लावून आले. मग ते झोपायचे. तेव्हा त्यांच्या हिशेबी तू तिथंच होतीस, चारही दिवस. हे मला त्या दिवशी दारात तुला सांगायचं होतं आणि माझ्यानं सांगवलं नाही. कारण मी त्यांच्याजवळ असूनही त्यांना तूच हवी होतीस, याचं मला वाईट वाटलं होतं. पन्नाशीला आलेली बाई, आणि असं.

९ जूनला दुपारच्या बसनं येतेय. मुलगी १२ला सकाळी येईल, सोबत तिचे ते टिंबवाले साहेबही येणार आहेत म्हणे, त्यांना पूल बघायचाय. माझ्याकडे रक्तदाबाचं यंत्र आहे ते आणतेय. तो नको म्हणाला तरी मी तपासणार, हे त्याला आधीच सांगून ठेव.

मला न्यायला येऊ नकोस. तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तेव्हा येशील ती एकटी ये. रंगाऱ्याला मी नंतर बघेन.

ताई